मुका मार म्हणण्याआधी

गुडघ्याच्या दुखापतीवरून या मामा-भाचीचं जुनं भांडण आहे. मामा मुलुंडला चाळीसएक वर्षं फॅमिली डॉक्टर होता. दवाखाना बंद केला तरी सोसायटीतली माणसं अजून रिपोर्ट घेऊन त्याच्याच दारात येतात. भाची अंधेरीत हाडांची सर्जन आहे, त्यातही अपघाताच्या केसेस हे तिचं मुख्य काम. मामा म्हणतो, हल्लीचे डॉक्टर पेशंटला हात लावायच्या आधी मशीनकडे धाडतात. भाची म्हणते, हात लावून आणि साधा एक्स-रे काढून घरी पाठवलेले गुडघेच दोन महिन्यांनी माझ्याकडे येतात. मोठ्या माणसांच्या गुडघ्यात क्वचित होणारी, पण हुकली तर जन्मभर लंगडायला लावणारी फ्रॅक्चर्स ओळखायची कशी आणि त्यांचं ऑपरेशन कधी करायचं, यावरचा हा वाद. दोघं कल्पित आहेत, वैद्यक खरं आहे. दोघांना अट एकच: डॉक्टर नसलेल्या माणसाला कळेल असं बोलायचं.

मामा: आमच्या वेळी गुडघा आधी बघायचे, मग दाबायचे, मग हलवायचे आणि शेवटी फोटो काढायचे. आता पेशंट काउंटरवर पैसे भरतो आणि थेट मशीनखाली जाऊन झोपतो. तुझ्याकडे तर आधी सी.टी., मग एम.आर.आय., मग नाव काय तुमचं.

भाची: नाव आधी विचारते, मामा. त्यानंतर विचारते, पडलात कसे? गुडघा कसा आपटला यावरून कुठलं हाड गेलं असेल ते निम्मं कळतं.

मामा: मग उरलेलं निम्मं कळायला हात आहेत की.

भाची: एक उदाहरण घे. तिशीतला मुलगा, पावसाळ्यात बाइकवरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं चाललाय. खड्ड्यात चाक गेलं, बाइक आडवी झाली आणि वाकलेला गुडघा डिव्हायडरवर आपटला. जवळच्या दवाखान्यात दोन एक्स-रे काढले, एक समोरून, एक बाजूनं. ‘हाड वाचलं, मुका मार आहे.’ क्रेप बँडेज, दुखणं थांबायच्या गोळ्या. घरी आईनं आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप लावला. दहा दिवसांत ठणका कमी झाला म्हणून तो पाय टेकायला लागला. महिन्या-दीड महिन्यानं रेल्वेच्या पुलाचा जिना उतरताना गुडघा दगा देतो. तेव्हा सी.टी. काढला की दिसतं, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा मागचा भाग सुटा होऊन वर सरकलाय.

मामा: हॉफा फ्रॅक्चर.

भाची: हॉफा. तू प्रॅक्टिसमध्ये किती पाहिलेस?

मामा: एखाददुसरा.

भाची: दिसलेला एखाददुसरा. न दिसलेले किती गेले, त्याचा हिशोब कुणाकडेच नसतो.

मामा: बरं, हे मोडतं कसं आणि लपतं कसं, ते नीट सांग.

भाची: मांडीचं हाड गुडघ्यापाशी रुंद होतं आणि खाली त्याला दोन गोल टोकं येतात, एक आतल्या बाजूचं, एक बाहेरच्या. त्यांना काँडाइल म्हणतात. ही टोकं नडगीच्या हाडाच्या माथ्यावर टेकतात आणि गुडघा वाकला की त्यावर मागे सरकत फिरतात. पाय सरळ असताना भार काँडाइलच्या पुढच्या-खालच्या भागावर असतो, गुडघा वाकवला की मागच्या भागावर. बाइकवर बसलेल्या माणसाचा गुडघा काटकोनाच्या आसपास वाकलेला आणि सगळ्यात पुढे आलेला असतो. धडक बसली की तो जोर काँडाइलचा मागचा भाग पुढच्या भागापासून कापून काढतो. मोठ्या माणसाचा पाय गुडघ्यापाशी मुळातच किंचित बाहेर वळलेला असतो, त्यामुळे बाहेरचं काँडाइल जास्त वेळा सापडतं. आता समोरून एक्स-रे काढला तर तुटलेला मागचा तुकडा शाबूत असलेल्या पुढच्या भागाच्या नेमका आड जातो. बाजूनं काढला तर दोन्ही काँडाइल्स एकमेकांवर पडतात आणि बारीकशी पायरी त्या गर्दीत हरवते. पाय टेबलावर जरा तिरका पडला असेल, तर विचारूच नको.

मामा: पण इतिहास माझ्या बाजूनं आहे बघ. फ्रीडरिश बुश यांनी या फ्रॅक्चरचं चित्र १८६९ साली छापलं. पुढे १९०४ मध्ये आल्बर्ट हॉफा यांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव त्यांचं चिकटलं. गुडघ्यातलं दुसरं एक नामांकित फ्रॅक्चर, सेगाँ, पॅरिसच्या पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्ये सांगितलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ साली. म्हणजे ही दोन्ही फ्रॅक्चर्स फोटोशिवायच सापडली होती.

भाची: सेगाँ यांनी शवांचे गुडघे पिळून, उघडून पाहिले होते. ती सोय मला बाइकवरून पडलेल्या मुलावर नाही. आणि हे सगळं पुस्तकी दुर्मीळ आहे असंही समजू नकोस. २००५ साली सिएटलच्या सर्जननी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या, सांध्यापर्यंत गेलेल्या २०२ फ्रॅक्चर्सचा अभ्यास छापला. त्यातल्या ३८ टक्क्यांत हॉफासारखी मागची चीरही निघाली. एकटं हॉफा क्वचित दिसतं, पण मोठ्या फ्रॅक्चरच्या आडोशाला ते चांगलंच असतं. आपल्याकडचं बघायचं तर ठाण्याच्या इंडियन ऑर्थोपेडिक रिसर्च ग्रुपनं २०११ साली केस रिपोर्टचं जर्नल सुरू केलं. त्यातले भारतातले हॉफाचे रिपोर्ट वाचलेस, तर दुचाकीचा अपघात हे कारण पुन्हा पुन्हा भेटेल.

मामा: वाचीन. पण आता माझं ऐक. त्या मुलाला मी बघितलं असतं तर ‘मुका मार’ म्हटलं नसतं, आणि त्यासाठी मला सी.टी. लागला नसता. पहिला प्रश्न, सूज किती वेळात आली? पडल्यापासून तासा-दोन तासांत गुडघा टम्म झाला तर आत रक्त साचलंय. दुसऱ्या दिवशी हळूहळू सुजला तर बहुधा नुसतं पाणी. मग, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का? गुडघा काटकोनापर्यंत वाकतो का? गुडघ्याची वाटी बोटानं दाबली तर दुखते का? बाहेरच्या बाजूला पोटरीच्या बारीक हाडाचं डोकं दाबलं तर? वय पंचावन्न किंवा त्यापुढे आहे का? एवढं विचारायला आणि बघायला पाच मिनिटं पुरतात.

भाची: सुजेचा प्रश्न सोडला तर हा कॅनडातला ओटावा नी रूल आहे. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात तो बांधला. चांगलाच आहे, मीही वापरते. पण एक्स-रे कुणाचा काढायचा हे ठरवण्यासाठी तो आहे. एक्स-रे ‘नॉर्मल’ आला आणि तरी माणूस पाय टेकत नाही, तर पुढे काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही.

मामा: ते उत्तर सुईत आहे. रक्तानं तट्ट फुगलेल्या गुडघ्यातून जंतुसंसर्गाची काळजी घेऊन रक्त काढायचं आणि भांड्यात थोडा वेळ ठेवायचं. वर चरबीचे थेंब आले, मिसळीवर तर्री तरंगावी तसे, तर हाड मोडलंय. अशी चरबी बहुतेक वेळा हाडाच्या आतल्या मगजातूनच येते. सुई टोचायची नसेल तर पेशंटला उताणा झोपवून बाजूचा एक्स-रे आडव्या किरणांनी काढायचा. वर चरबी, खाली रक्त, आणि दोघांमध्ये सरळ आडवी रेघ दिसते. फ्रॅक्चरची चीर दिसो वा न दिसो, ती रेघ सांगते की हाड फुटलंय. यासाठी काही हजारांचं बिल लागत नाही.

भाची: हे तर मी माझ्या रेसिडेंट डॉक्टरांना रोज सांगते. आडवी रेघ दिसली की ‘नॉर्मल’ लिहायचं नाही. पण मामा, तुझी रेघ एवढंच सांगते की काहीतरी मोडलंय. कुठे, किती तुकडे, चीर कुठल्या दिशेनं गेली आणि सांध्याचा पृष्ठभाग किती खचला, हे ती सांगत नाही. छेद कुठून घ्यायचा, ते मात्र यावरच ठरतं.

मामा: नडगीच्या माथ्याच्या फ्रॅक्चरचे शात्झकरचे सहा प्रकार तुम्ही तोंडपाठ करता ना? ते एक्स-रेवरूनच केलेत.

भाची: हो, टोरांटोच्या जोसेफ शात्झकर यांनी १९७९ साली केले. पण २०१८ मध्ये मौरिसिओ कफुरी यांच्याबरोबर ती वर्गवारी सी.टी.च्या आधारे पुन्हा मांडली, तेही शात्झकर यांनीच. समोरच्या फोटोत पुढचा तुकडा आणि मागचा तुकडा वेगळे कळत नाहीत, ही अडचण मूळ लेखकालाच पटली. नडगीच्या माथ्याचा मागचा-आतला कोपरा तुटतो तेव्हा बाहेरून लावलेल्या प्लेटचे स्क्रू त्या तुकड्यात शिरतच नाहीत. तो तुकडा हळूहळू खाली घसरतो आणि गुडघा वाकडा होतो. त्यासाठी पोटरीच्या आतल्या बाजूनं, मागून जाऊन वेगळी प्लेट लावावी लागते. हे ऑपरेशनच्या टेबलावर कळून उपयोग नाही, कारण तोपर्यंत पेशंट उताणा झोपवलेला असतो.

मामा: मान्य. पण मशीनही फसवतं, तेही सांग लोकांना. काही जणांची वाटी लहानपणी दोन भागांत तयार होते आणि वरचा-बाहेरचा कोपरा शेवटपर्यंत जुळतच नाही. अशा माणसाचा गुडघा जरा आपटला, फोटो काढला, की ‘वाटी फुटली’ म्हणून मोकळे. काहींच्या गुडघ्यामागे फॅबेला नावाचं छोटं गोल हाड असतं. तेही कुणीतरी तुकडा म्हणून वाचतं.

भाची: इथे तुझं बोट माझ्या मशीनपेक्षा खरं. लहानपणापासून वेगळा राहिलेला तुकडा कडेनं गोल, गुळगुळीत असतो, आणि दाबल्यावर तिथे ताज्या फ्रॅक्चरसारखी कळ येत नाही. शंका असेल तर दुसऱ्या गुडघ्याचा फोटो काढावा, बऱ्याचदा तिथेही तसाच कोपरा सापडतो. पण याच्या उलटंही होतं. दिसायला क्षुल्लक कपची आणि तिच्यामागे मोठं नुकसान. तुझ्या सेगाँचंच घे. नडगीच्या माथ्याच्या बाहेरच्या कडेला नखाएवढी कपची निघालेली असते. एवढ्याशा कपचीला कोण विचारतो? पण ती दिसली की गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, ए.सी.एल., बहुतेक वेळा तुटलेलंच असतं. त्या कपचीसाठी सहसा स्क्रू लागत नाही, एम.आर.आय. मात्र लागतो.

मामा: आणि पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्याची कपची?

भाची: ती त्याहून वाईट. गुडघ्याचा मागचा-बाहेरचा कोपरा सैल झाल्याची ती खूण असते. शेजारूनच पाऊल वर उचलणारी नस जाते. म्हणून तिथे दुखत असेल तर पेशंटला पाऊल आणि अंगठा वर ओढायला सांगायचं आणि जे दिसेल ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. तिसरी जागा गुडघ्याच्या पाठीमागची. बाइकच्या धडकेत नडगी मागे ढकलली जाते आणि मागचं लिगामेंट, पी.सी.एल., हाडाचा तुकडा घेऊन उखडतं. बाजूच्या एक्स-रेत ते दिसतं, पण बघणाऱ्याची नजर समोर असते. तुकडा सरकलेला असेल तर पेशंटला पालथं झोपवून मागून छेद घेऊन एका स्क्रूनं तो जागी बसवता येतो, किंवा दुर्बिणीतून टाक्यांनी ओढून घेता येतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केलं तर काम सोपं. दोन महिन्यांनी तेच काम नवं लिगामेंट घालण्यापर्यंत जातं.

मामा: बघ, तू स्वतःच बोटानं दाबायला आणि अंगठा हलवायला सांगतेयस. आता त्याहून महत्त्वाचं. गुडघा जोरात मोडून आलेल्या माणसाच्या पावलाची नाडी कुणी बघायची? सी.टी.च्या रांगेत तासभर पडलेल्या माणसाची पोटरी दगडासारखी होतेय, हे कोण बघणार?

भाची: इथे मी वाद घालणार नाही. गुडघ्यामागची धमनी हाडाला अगदी लागून, दोन्हीकडे बांधल्यासारखी असते. गुडघा निखळला किंवा नडगीचा माथा आतल्या बाजूनं फुटून सरकला की ती ताणते, फाटते. पावलाची नाडी लागते का, ती दुसऱ्या पायाएवढी भरते का, हे आधी बघायचं. शंका वाटली तर घोट्याचा रक्तदाब हाताच्या रक्तदाबाशी ताडायचा. ते गुणोत्तर ०.९ च्या खाली गेलं, तर लगेच रक्तवाहिन्यांची तपासणी. दुसरा धोका पोटरीत आतल्या आत दाब वाढण्याचा, कंपार्टमेंट सिंड्रोमचा. पायाची बोटं नुसती हलवली तरी पेशंट किंचाळतो, इंजेक्शननंही दुखणं थांबत नाही. तिथे उशीर म्हणजे स्नायू मरणं. काही तासांच्या आत पोटरीची आवरणं चिरून दाब मोकळा करावा लागतो. हे निदान हाताचं आहे. त्या क्षणी सी.टी.साठी थांबणं हा गुन्हाच.

मामा: नातेवाईकांना राग येतो तो याच्या उलट कारणानं. ‘चार दिवस झाले, अजून ऑपरेशन नाही.’

भाची: कारण कातडी तयार नसते. नडगीच्या माथ्यावर मांस कमी. सुजलेल्या, फोड आलेल्या कातडीतून छेद घेतला तर जखम उघडते, पू होतो, आत प्लेट दिसायला लागते. म्हणून जोरदार फ्रॅक्चरला आधी बाहेरून सळ्यांची चौकट लावून पाय स्थिर करतो, त्यानंतर सी.टी. काढतो आणि कातडीवर सुरकुत्या परत येईपर्यंत थांबतो. कधी आठवडा, कधी दोन. या थांबण्याला हलगर्जी म्हणू नये. मात्र कारण सांगितलं पाहिजे, आणि ते सांगायला आम्ही डॉक्टर कमी पडतो.

मामा: बरं, हॉफाकडे परत ये. चीर सापडली. तुकडा फारसा हललेला नाही. प्लास्टर का नको? सुरी चालवल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, असं लोक म्हणतात.

भाची: लोक म्हणोत. या हाडाला प्लास्टर मानवत नाही, त्याची कारणं आहेत. चीर सांध्याच्या आत असते, त्यामुळे हाड जुळायला लागणारी रक्ताची गाठ तिथे टिकत नाही, सांध्यातलं पाणी तिला धुऊन नेतं. त्यात चीर उभी. स्नायूंच्या ओढीनं आणि गुडघ्याच्या हालचालीनं तुकडा वर घसरत राहतो, प्लास्टरमध्येसुद्धा. शिवाय रक्तपुरवठा. फ्रान्सच्या लेतनर यांनी १९७८ मध्ये याचे तीन प्रकार केले. दुसऱ्या प्रकारात तुकडा इतका मागचा असतो की त्याला ना स्नायू चिकटलेला, ना लिगामेंट. तो जुळण्याऐवजी सुकण्याचीच भीती जास्त. आज फारसा न हललेला तुकडा तीन आठवड्यांनी हललेला असतो. म्हणून तब्येत साथ देत असेल तर मी स्क्रूच सुचवते.

मामा: स्क्रू म्हणजे नेमकं काय करता?

भाची: आधी तुकडा मूळ जागी, पायरी न ठेवता. कूर्चेच्या, म्हणजे सांध्यावरच्या गुळगुळीत अस्तराच्या, पृष्ठभागावर दोन मिलिमीटरची पायरीसुद्धा पुढे संधिवाताला निमंत्रण. मग चिरेला काटकोनात जाणारे, तुकडा दाबून धरणारे किमान दोन स्क्रू. एकच घातला तर तुकडा त्याच्याभोवती फिरतो. मागून पुढे घातलेले स्क्रू प्रयोगशाळेत जास्त मजबूत ठरलेत, पण मागे नसा आणि धमनी असतात. पुढून मागे घालणं सोपं, पण तुकडा लहान असेल तर पकड कमी. कूर्चेतूनच जावं लागलं तर डोकं नसलेले स्क्रू पृष्ठभागाखाली बुडवायचे. हाड ठिसूळ असेल किंवा तुकडे जास्त असतील तर मागच्या बाजूनं आधाराला एक प्लेट. यातला प्रत्येक निर्णय तुकड्याच्या आकारावर ठरतो आणि तो आकार मला सी.टी. दाखवतो. दीड महिना हुकलेल्या हॉफात हेच काम दुप्पट होतं. झिजलेल्या कडा खरवडायच्या, कमरेच्या हाडातून भर काढून घालायची, वर प्लेट. एवढं करून गुडघा पहिल्यासारखा वाकेल याची हमी नाही.

मामा: पटलं. हॉफात मी हरलो. पण आता माझा शेवटचा पत्ता. साठी ओलांडलेली बाई. पडली नाही, आपटली नाही. एक दिवस घाटकोपर स्टेशनचा जिना चढताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली ती थांबेना. रात्री कूस बदलता येत नाही. एक्स-रेत वयोमानाची थोडी झीज. आणि कुणीतरी सांगतं, गुडघा बदलून टाका. तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे ब्रीच कँडीत डॉक्टर चित्तरंजन राणावतांनी बदलले, एक २००० मध्ये, एक २००१ मध्ये. तेव्हापासून गुडघा दुखला की घरोघर पहिला शब्द ‘रिप्लेसमेंट’.

भाची: त्या बाईला मीही ऑपरेशन सांगणार नाही. कूर्चेच्या लगेच खालचं हाड ठिसूळ झालं की रोजच्या भारानंच त्याला चीर जाते. स्वीडनच्या आलबेक यांनी १९६८ साली हा आजार सांगितला तेव्हा हाड आपोआप मरतं असा समज होता. पुढे काढलेल्या हाडाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, २००० साली अभ्यास छापून आला आणि कळलं की बहुतेकांत सुरुवात बारीक फ्रॅक्चरनं होते. उपाय साधा: काही आठवडे पायावरचा भार कमी, वॉकर किंवा काठी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हाडाची घनता आणि व्हिटॅमिन डी तपासून त्यावर औषध. बरेच गुडघे एवढ्यावर सुधारतात. काठी न घेता जिने चढत राहिलं तर मात्र हाड खचतं आणि मग रिप्लेसमेंटशिवाय वाट उरत नाही. फक्त एक सांगू?

मामा: सांग.

भाची: ही चीर सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. ती एम.आर.आय.लाच दिसते.

मामा: म्हणजे ऑपरेशन टाळायलाही मशीनच.

भाची: हो. आणि ज्यांचा गुडघा आधीच बदललाय, त्या बाथरूममध्ये घसरल्या तर धातूच्या अगदी वर मांडीचं हाड मोडतं. तिथे आधी बघायचं, बसवलेला सांधा हाडाला घट्ट आहे की सैल. घट्ट असेल तर प्लेट किंवा आतून रॉड. सैल असेल तर सांधाच पुन्हा बदलायचा. ही फ्रॅक्चर्स आता वाढणार, कारण बदललेले गुडघे घेऊन म्हातारी होणारी माणसं वाढतायत.

मामा: पैशाचं काय? बोरिवलीच्या रिक्षावाल्याला तू सहज सांगशील, सी.टी. काढा, स्क्रू घाला, तीन महिने घरी बसा.

भाची: सहज नाही सांगत. सायन, के.ई.एम., कूपरसारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत सी.टी. आणि ही ऑपरेशनं खासगीच्या मानानं फार कमी खर्चात होतात. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेल्या आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत अपघाताच्या बऱ्याच शस्त्रक्रिया बसतात. दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला गाठावं. रजेचा प्रश्न मात्र खरा. सांध्यातल्या फ्रॅक्चरनंतर पूर्ण भार साधारण अडीच-तीन महिन्यांनीच देता येतो. तेवढ्यात गुडघा वाकवणं सुरू ठेवावं लागतं, नाहीतर आखडतो. मांडी घालून जेवणं, भारतीय पद्धतीचा संडास, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, पुलाच्या पायऱ्या, हे आधी विचारून घ्यायचं आणि ऑपरेशनच्या आधीच घरात कमोडची खुर्ची, खाली झोपण्याची सोय करायला सांगायचं. चांगलं बसवलेलं हाड फिजिओथेरपी बुडवून वाया घालवलेले पेशंट मी पाहिलेत.

मामा: मग आपला वाद उरला कुठे? मी अजूनही म्हणतो, प्रत्येक सुजलेल्या गुडघ्याला सी.टी. नको. हातानं, आडव्या किरणांच्या एक्स-रेनं संशय पक्का होऊ दे. साध्या मुरगळीला चार-पाच दिवसांनी परत बोलावून बघावं.

भाची: मुरगळीला जरूर. पण बाइकचा किंवा गाडीचा अपघात, तासाभरात रक्तानं भरलेला गुडघा, पाय टेकवत नाही आणि एक्स-रे ‘नॉर्मल’, एवढं जुळलं की मी वाट बघणार नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सी.टी. गुडघ्याच्या सी.टी.चं रेडिएशन पोटाच्या सी.टी.च्या मानानं फारच कमी असतं, आणि काही हजार वाचवून हुकलेला हॉफा त्या माणसाची नोकरी घेऊन जातो.

वाद इथे थांबला, मिटला नाही. पण दोघांच्या बोलण्यातून वाचकाला पुरेल एवढं हाती लागतं. गुडघ्याला हात लावून, नाडी बघून, बोटं हलवून घेतल्याशिवाय दिलेलं निदान घेऊ नका, ते कितीही महागड्या मशीनमधून आलेलं असो. आणि जोराच्या मारानंतर तासा-दोन तासांत गुडघा फुगला असेल, चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलं असलं तरी मालिश, शेक आणि लेप यांवर भागवू नका. पाय न टेकता हाडांच्या डॉक्टरकडे पुन्हा जा, कसे पडलात ते नीट सांगा, आणि सरळ विचारा: माझं हाड मागच्या बाजूनं मोडलेलं नाही, हे आपण कशावरून म्हणता?